कॅमेरा घ्यायचा, पण कोणत्या कामाला?

हातातलं काम चालू राहू द्या, तव्यावरची भाकरी करपू देऊ नका, पण कान तेवढा इकडं द्या.

गेल्या काही महिन्यांत शेजारच्या गावांतल्या दोन-तीन गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही मोठा कॅमेरा घेतलाय म्हणे. आम्ही घ्यावा का?" बैठकीच्या गडबडीत हो किंवा नाही म्हणून मोकळं होणं बरं नव्हे. गटाचा पैसा म्हणजे महिन्याला शंभर-शंभर करून साठवलेला पैसा. म्हणून आमच्या कॅमेऱ्याचं चांगलं काय आणि उणं काय, ते आज नीट सांगतो.

आमच्या गटातल्या बायका शेवया, कुरडया आणि चटण्या करतात. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी फलक छापायचा होता. मोबाईलवर काढलेले फोटो मोबाईलवर झकास दिसत होते. फलकावर मोठे करून छापल्यावर मात्र कारळ्याची चटणी आणि शेतातली माती यात फरक कळेना. त्याच सुमाराला एकीची लेक म्हणाली, "डोहाळजेवणाला, बारशाला फोटो काढायला तालुक्याहून माणूस बोलावतात. ते काम आपण का करू नये?" चार बैठका चर्चा झाली. मग इतिवृत्तात ठराव लिहून दोघींच्या नावावर अंतर्गत कर्ज काढलं आणि एक वापरलेला कॅमेरा घेतला, कॅनन २००डी. हा कॅमेरा २०१७ साली बाजारात आला. २०१९ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली. जुन्या बाजारात दोन्ही दिसतात. आम्ही बोलतोय ते पहिल्याबद्दल.

याला डीएसएलआर म्हणतात. आत एक लहान आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावरून वर जातो आणि मागच्या छोट्या खिडकीला डोळा लावला की समोरचं दृश्य दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, उजेड आतल्या संवेदकावर पडतो आणि फोटो निघतो. तो 'खट्' असा आवाज येतो ना, त्यात या आरशाचाही वाटा असतो.

आधी जमेची बाजू बघू.

पहिली गोष्ट वजन. बॅटरी आणि कार्ड घालून हा कॅमेरा ४५३ ग्रॅमचा भरतो. सोबतची नेहमीची लेन्स लावली तरी पाऊण किलोच्या आतच. आमच्या आक्कांनी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा म्हणाल्या, "एवढाच होय? मला वाटलं वरवंट्याएवढा असंल." हसण्यावारी नेऊ नका. कॅमेरा जड असला की भीती वाटते, भीती वाटली की तो पेटीतच राहतो. लहान पंजाच्या बाईलाही याची पकड जमते.

दुसरी गोष्ट शिकण्याची सोय. पडद्यावर तो चित्रं दाखवून समजावतो. मागचं धूसर हवं की सगळं स्पष्ट हवं, पळणारं माणूस थांबलेलं दिसायला हवं की पळताना दिसायला हवं, हे नमुन्याच्या चित्रांवरून कळतं. इंग्रजी न वाचणाऱ्या आमच्या दोघी त्या चित्रांवरूनच शिकल्या.

तिसरी गोष्ट पडदा. तो बाहेर काढून वळवता येतो. जमिनीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा फोटो काढायला पालथं पडावं लागत नाही. पडद्यावर ज्या जागी बोट लावाल तिथं फोकस होतो, तोही झटकन. दुडदुडणाऱ्या पोराचा फोटो घ्यायला हीच रीत उपयोगी.

चौथी गोष्ट फोटोची प्रत. फोटो २४ मेगापिक्सेलचा येतो. पण नुसत्या या आकड्याला भुलू नका, असे आकडे मोबाईलवरही छापलेले असतात. खरा फरक संवेदकाच्या आकाराचा. मोबाईलच्या मानानं यातला संवेदक बराच मोठा, म्हणून रंग आणि बारकावे चांगले येतात. दुसऱ्या वर्षी फलक छापला तेव्हा चटणीतले तीळ मोजून घ्यावेत असे दिसत होते.

आता उणी बाजू. इथं जरा जास्त लक्ष द्या.

डोळा लावून फोटो काढताना फोकससाठी फक्त ९ बिंदू मिळतात, तेही मधल्या भागात. माणूस कडेला बसलेलं असेल तर आधी त्याच्यावर फोकस धरून मग कॅमेरा हलवावा लागतो. पडद्यावरून काढलं तर ही अडचण नाही, पण मग बॅटरी लवकर संपते. कंपनीच्या मोजणीप्रमाणे खिडकीतून काढले तर एका बॅटरीवर साधारण ६५० फोटो निघतात, पडद्यावरून काढले तर २६०च्या आसपास. म्हणजे सोयीची रीत बॅटरी खाते आणि बॅटरी वाचवणारी रीत शिकावी लागते. त्यात आमच्या माणदेशातल्या उन्हात दुपारी पडद्यावर काही दिसतच नाही, तेव्हा खिडकीशिवाय इलाज नाही. दोन्ही रीती शिका आणि दुसरी बॅटरी पहिल्याच महिन्यात घ्या.

खिडकीत दृश्याचा ९५ टक्के भागच दिसतो. कडेचं थोडं दिसत नाही, पण फोटोत येतं. शेवयांच्या आमच्या पहिल्या फोटोत कोपऱ्यात केरसुणी आली होती. काढणारीला ती दिसलीच नव्हती!

धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून महागड्या कॅमेऱ्यांना जोडांवर बंदोबस्त केलेला असतो. याला तो नाही. वाऱ्यात, रस्त्याच्या कडेला, खळ्यावर लेन्स बदलू नका. बदलायचीच तर घरात, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला. आतल्या संवेदकावर धूळ बसली तर प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग उमटतो. पदरानं आतून पुसायला तर मुळीच जाऊ नका.

व्हिडिओ फुल एचडी निघतो, फोर-के नाही. बाहेरचा माइक जोडता येतो, पण आवाज कसा भरला जातोय ते हेडफोन लावून ऐकता येत नाही. आधी मिनिटभर भरून, ऐकून मगच पुढं जायचं. आणि कार्डाची जागा एकच आहे. ते कार्ड बिघडलं तर फोटोंची दुसरी प्रत कुठंच नसते.

ही यादी आम्हाला आधी माहीत असती तर पुढचा प्रसंग टळला असता. तो सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो.

पहिलं पैशाचं काम मिळालं ते एका वस्तीवरच्या डोहाळजेवणाचं. दोघी गेल्या. कार्यक्रम चारचा ठरलेला, सुरू झाला दिवेलागणीला. अंगणात एक पिवळा बल्ब आणि तेवढ्यात वीज गेली. गॅसबत्ती आली. दोघींनी दोनशेवर फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर निम्म्याहून जास्त हललेले. ओवाळणाऱ्या बायकांचे हात म्हणजे नुसते पांढरे पट्टे. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोंत पुढच्या बायका चुन्यासारख्या पांढऱ्या आणि मागं मिट्ट काळोख.

चूक आमचीच होती. उजेड कमी असला की पुरेसा प्रकाश आत यावा म्हणून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. तेवढ्या वेळात समोरचं माणूस हललं की फोटो पुसट येतो. लेन्समध्ये थरथर आवरायची सोय आहे, पण ती आपल्या हाताची थरथर आवरते, समोरच्या हलणाऱ्या माणसाची नाही. सोबत येणारी लेन्स दिवसाच्या कामाला उत्तम, तिन्हीसांजेच्या अंगणाला अपुरी. लेन्सवर 'एफ' पुढं आकडा असतो. तो जितका लहान, तितका उजेड जास्त. आमच्या लेन्सचा आकडा झूम पूर्ण केल्यावर ५.६ होतो. १.८ आकड्याची ५० मिलिमीटरची बिनझूमची लेन्स तिच्या साधारण दहापट उजेड आत घेते. तीही वापरलेली मिळते. पण तिलाही अट आहे. जवळून चेहरा सुरेख येतो, लहान खोलीत सगळ्या बायका एका फोटोत घ्यायच्या म्हटलं तर पाठ भिंतीला लागते तरी मावत नाहीत.

त्या घरी आम्ही पैसे परत घेऊन गेलो. पोरीची सासू काही बोलली नाही. चहा दिला, एवढंच म्हणाली, "पहिलटकरीण आहे हो ती. पुन्हा काय हे होणार नाही." चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोवळ्या उन्हात त्या पोरीचे, सासूचे, दोघींचे मिळून फोटो काढून दिले. ते छान आले. घरच्यांनी भिंतीवर लावलेत. पण ओटी भरतानाचा फोटो त्या घरात नाही, तो नाहीच.

त्या सासूबाईंच्या वाक्यावरूनच आमच्या बैठकीत ठराव झाला. जे काम चुकलं तर पुन्हा करता येतं, ते घ्यायचं. जे पुन्हा होत नाही, तिथं एक कॅमेरा आणि एक कार्ड यांच्या भरवशावर जायचं नाही. म्हणून आज आम्ही चटण्या-पापडांचे फोटो काढतो, इतर गटांच्या मालाचेही काढून देतो. सकाळच्या उन्हात घरच्यांचे एकत्र फोटो, शाळेच्या प्रवेशासाठी पोरांचे छोटे फोटो, प्रशिक्षणाच्या दिवसाचे फोटो, हे करतो. बारशाला जातो, पण दिवसाउजेडी. तिथंही दुसरी जण मोबाईलवर फोटो घेत असते. लग्न अजून घेत नाही. दोघींच्या कर्जाचे हप्ते या कामातून फिटतायत. सावकाश फिटतायत, पण थकलेला एकही नाही.

तेव्हा तुम्ही घ्यावा का? बैठकीत आधी दोन प्रश्न विचारा. काम कोणतं? आणि ते दिवसाचं की रात्रीचं? फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर माल दाखवायचा असेल तर कॅमेऱ्याच्या नादाला लागू नका. खिडकीजवळच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर माल मांडून मोबाईलवर फोटो काढा, तेवढ्यानं भागतं. छापायचं असेल, पैसे घेऊन दिवसाचं काम करायचं असेल, तर असा लहान कॅमेरा शिकायला चांगला. रात्रीची कामं आणि लग्नं घ्यायची असतील, तर नुसत्या कॅमेऱ्याचा हिशेब मांडू नका. उजेडाची लेन्स, चांगला फ्लॅश, दोन बॅटऱ्या आणि दुसरा कॅमेरा, हे सगळं धरून मांडा.

वापरलेला घेणार असाल तर दुकानात घाई करू नका. पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा, डाग दिसले तर विचारा. पडदा सगळीकडं वळवून, बोट लावून बघा. लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीची जाळी आहे का बघा. चार्जर, बॅटरी आणि बिल हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणखी एक लक्षात असू द्या. कंपन्यांचा कल आता बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडं गेलाय. म्हणून असे कॅमेरे जुन्या बाजारात येतात. आपल्याला ते परवडतात, पण पुढं विकायला गेलं तर फार मोल येईल अशी आशा धरू नका.

घेतल्यावर एक वही घाला. कोणी नेला, कधी आणला, कोणत्या कामाला, किती पैसे आले. आणि फोटो दुसरीकडं उतरवून, उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ज्या गटाला कॅमेरा हातात घेऊन बघायचाय त्यांनी आमच्या बैठकीच्या दिवशी खुशाल यावं. येताना आपला माल घेऊन या. दोन फोटो काढून देऊ, तुम्हीही बटण दाबून बघा. मग आपल्या गटात बसा, हिशेब मांडा आणि ठरवा. नमस्कार!