चाललेलं यंत्र अडतं कुठं?



बारामतीत कृषी विकास ट्रस्टच्या शेतात आज उपग्रह, जमिनीतले सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता मिळून उसाला पाणी कधी द्यायचं ते सांगतात. त्याच तालुक्यातल्या सुप्याच्या जिराईत पट्ट्यात प्रश्न एक पायरी अलीकडचा आहे: जनाई-शिरसाई उपसा योजनेचं पाणी येणार कधी? तंत्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते ज्या गोष्टी गृहीत धरतं त्या सगळीकडं हजर नसतात, एवढंच.

याचा खरा धडा बारामतीपुढं नीरा नदी ओलांडली की मिळतो. फलटणला बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये कृषी संशोधन संस्था काढली. 1981 मध्ये अमेरिकेतून अभियंते डॉ. अनिल राजवंशी तिथं आले. गोड ज्वारीचा दाणा माणसाला, चोथा जनावराला आणि धाटाच्या रसातून अल्कोहोल, असा त्यांचा बेत. ऊर्ध्वपातनाला सूर्याची उष्णता वापरली, अल्कोहोलवर जळणारे कंदील आणि शेगड्या बनवल्या. प्रयोगशाळेत सगळं जमलं. पण अल्कोहोल म्हटलं की उत्पादन शुल्क खातं आलं, परवाना आला. स्वयंपाकघरातलं इंधन कायद्याच्या नजरेत दारूच राहिलं. शिवाय समोर रेशनचं स्वस्त रॉकेल. अशा स्पर्धेत चांगली शेगडी काय करणार?

याच संस्थेनं शतक पालटताना बॅटरीवरची सायकल रिक्षा बनवली. पुढं दहा-बारा वर्षांत दिल्लीचे रस्ते ई-रिक्षांनी भरले, त्या बहुतेक चिनी सुट्या भागांच्या. मोटार वाहन कायद्यात त्यांना नीट जागा मिळाली 2015 मध्ये. माझ्या मते फलटणची रिक्षा कल्पनेत कमी पडली नाही. एक उत्तम नमुना छोटी संस्था बनवते. दहा हजार रिक्षांना कारखाना लागतो, कर्ज देणारी बँक लागते, बॅटरी बदलून देणारा दुकानदार लागतो. हे कुणाच्या पेटंटात लिहिलेलं नसतं.

ही अडचण जुनीच आहे. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर 1903 चा. पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं गेली. लोखंडानं जमीन नासते, असं शेतकरी म्हणत. आपण त्यावर हसतो. मी हसत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावात बलुतेदार सुतार होता. ओतीव फाळ तुटला तर तो कुणाकडं न्यायचा, ही शंकाही त्या बोलण्याआड असणारच.

जमलेलं उदाहरणही फलटणचंच. सुंदरबनातली बुटकी गॅरोल मेंढी जुळी देते. तिचं ते जनुक दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली, त्याला बरीच वर्षं लागली. कोकरं वाढली की चारा जास्त लागतो, मरतूकही वाढते. म्हणून धनगरांच्या कळपात मेंढ्या देताना पशुवैद्य आणि विमाही सोबत ठेवला. संशोधनाइतकंच ते काम मोलाचं, पण त्याला पुरस्कार नसतो. निधी मागताना आपणही ते शेवटच्या पानावर ढकलतो.

म्हणून या कार्यक्रमाच्या संयोजकांना एक विनंती. दुपारच्या सत्रात नव्या अवजारांची मांडणी आहे. पहिल्या रांगेत सुप्यातले वेल्डर, मोटार रिवाइंडिंगवाले आणि सुटे भाग विकणारे बसवा. मांडणी करणाऱ्यानं आधी त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. आमच्यासारख्यांची भाषणं वेळ उरला तर.