तेहानो स्वयंसैनिक : रक्त कोणाचे, राज्य कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धाची जगाला ठाऊक असलेली कथा आलामोच्या वेढ्याभोवती फिरते. १८३६ साली २३ फेब्रुवारी ते ६ मार्च असे तेरा दिवस सान अंतोनियो येथील एका जुन्या मिशनच्या भिंतीआडून मूठभर माणसे सांता आनाच्या मेक्सिकन सैन्याशी झुंजली आणि लढणारे जवळजवळ सारे मारले गेले. ट्रॅव्हिस, बोवी, क्रॉकेट ही नावे पुढे चित्रपटांनी घरोघरी पोहोचवली. परंतु त्याच भिंतीआड ग्रेगोरिओ एस्पार्सा, तोरिबिओ लोसोया, अंतोनियो फुएंतेस हेही मरण पावले. हे तेहानो, म्हणजे टेक्सासचे स्पॅनिश बोलणारे मेक्सिकन रहिवासी. एस्पार्साचा भाऊ फ्रान्सिस्को मेक्सिकन सैन्याच्या बाजूचा होता. बाकीच्या मृतांना चितेवर जाळण्यात आले. ग्रेगोरिओला मात्र भावाने परवानगी मिळवून पुरले. हे युद्ध दोन वंशांमधील नव्हते, हे सांगण्यास एवढी एक कबर पुरेशी आहे.

मग ते कशासाठी होते? मेक्सिको १८२१ मध्ये स्पेनपासून मुक्त झाला आणि १८२४ मध्ये त्याने संघराज्याची घटना स्वीकारली. विरळ वस्तीच्या टेक्सासमध्ये अमेरिकन वसाहतवाल्यांना जमिनी देण्यात आल्या. ते आले ते कापसाची शेती आणि गुलाम घेऊन. १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष गेरेरो यांनी गुलामगिरी रद्द केली. परंतु त्याच वर्षअखेर टेक्सासला त्यातून सूट मिळाली. १८३० च्या कायद्याने अमेरिकनांच्या नव्या वसाहतीला बंदी घातली. १८३५ मध्ये सांता आनाने संघराज्यच मोडीत काढले आणि विरोध करणाऱ्या साकातेकास प्रांतावर सैन्य घालून तो चिरडला. अशा रीतीने टेक्सासमध्ये दोन असंतोष एकत्र आले. एक होता प्रांताच्या स्वायत्ततेचा. दुसरा होता मळेवाल्यांच्या मालमत्तेचा. तेहानो स्वयंसैनिक पहिल्यासाठी उभे राहिले.

सान अंतोनियोचा हुआन सेगीन याने १८३५ च्या शरद ऋतूत घोडेस्वारांची तुकडी उभी केली. व्हिक्टोरियाहून प्लासिदो बेनाविदेस आपले रांचेरो घेऊन आला. वाटा, पाणवठे, गावकऱ्यांची भाषा हे सर्व त्यांना ठाऊक होते. त्यांच्याविना आगंतुकांची फौज आंधळी ठरली असती. डिसेंबरात सान अंतोनियो पडले तेव्हा लढ्याचा जाहीर हेतू १८२४ च्या घटनेचे रक्षण हाच होता. २ मार्च १८३६ रोजी तो बदलला आणि स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा झाली. तिच्यावर सह्या करणाऱ्या ५९ जणांत टेक्सासच्या मातीत जन्मलेले दोघेच होते : होसे अंतोनियो नाव्हारो आणि होसे फ्रान्सिस्को रुइस. लढ्याचे ध्येय बदलले तेव्हा बहुसंख्य तेहानो त्या सभागृहात नव्हते.

२१ एप्रिलला सान हासिंतोच्या रणभूमीवर सेनापती ह्यूस्टनने सेगीनच्या तुकडीला प्रथम मागे, सामानाच्या रखवालीवर ठेवण्याचे ठरवले. आपलेच सैनिक त्यांना शत्रू समजून मारतील ही भीती होती. तुकडीने ते नाकारले. अखेर टोपीत पुठ्ठ्याचा तुकडा खोचून ते लढले. अवघ्या अठरा मिनिटांत लढाई जिंकली गेली आणि दुसऱ्या दिवशी सांता आना पकडला गेला. तेहानोंच्या टोपीतील तो पुठ्ठा मात्र विजयानंतरही उतरला नाही. आपण कोणत्या बाजूचे, हे त्यांना पुढे दररोज सिद्ध करावे लागले.

नव्या राज्याची घटना पाहिली की या युद्धात खरोखर कोण जिंकले ते कळते. तिने गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार काँग्रेसला नाकारला. स्वतंत्र आफ्रिकनाला काँग्रेसच्या संमतीविना तेथे राहता येईना. नागरिकत्वातून आफ्रिकन वंशज आणि इंडियन वगळले गेले. १८६० च्या जनगणनेत टेक्सासमध्ये १,८२,५६६ गुलाम नोंदले गेले. तेहानो कागदोपत्री नागरिक ठरले. परंतु विजयाच्या वर्षीच व्हिक्टोरियाच्या दे लेओन घराण्याला, लढ्याला साहाय्य करूनही, घरदार सोडून लुइझियाना गाठावे लागले. बेनाविदेस १८३७ मध्ये तेथेच वारला. सेगीन सिनेटर झाला, त्याने कायदे स्पॅनिशमध्ये छापण्याचा आग्रह धरला, तो सान अंतोनियोचा महापौर झाला. आणि १८४२ मध्ये फितुरीच्या आरोपांनी व धमक्यांनी जेरीस येऊन मेक्सिकोत पळाला. त्याच वर्षी सान अंतोनियोवर चालून आलेल्या मेक्सिकन सैन्यात त्याला सामील व्हावे लागले. ज्या गावासाठी तो लढला, त्याच गावावर.

येथे एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. तेहानोंमधील प्रतिष्ठितांनाही कापसाच्या व्यापारात आपली समृद्धी दिसत होती. १८२८ मध्ये प्रांतिक विधिमंडळात करारबद्ध मजुरीच्या नावाखाली गुलाम आणण्याची वाट उघडणाऱ्या कायद्याला नाव्हारोचाच पाठिंबा होता. गुलामाचे बंधन ज्यांनी व्यापाराची बाब मानली, त्यांना मळेवाल्यांचे राज्य आपल्यालाही दुय्यम ठरवील, हे वेळीच दिसले नाही. माणसामाणसांत उतरंड एकदा मान्य केली की आपली पायरी ठरवणे आपल्या हाती राहत नाही.

म्हणून तेहानो स्वयंसैनिकांना मेक्सिकोचे गद्दार म्हणणे जसे खोटे, तसे त्यांना भोळे म्हणून कीव करणेही खोटे. हुकूमशाहीविरुद्ध त्यांनी शस्त्र उचलले हे योग्यच होते. उणीव होती ती अटींची. विजयानंतर जमीन कोणाची, भाषा कोणती, मत कोणाला, श्रम कोणाचे, हे त्यांनी युद्ध चालू असताना ठरवून घेतले नाही. आणि ठरवून घेईल अशी त्यांची स्वतःची संघटनाही नव्हती. शौर्य होते, संख्याबळ नव्हते. आणि संख्याबळ नसणाऱ्याने ज्यांच्याशी हात मिळवायचा, त्या गुलामांकडे त्यांनी पाहिले नाही.

१८४५ मध्ये टेक्सास अमेरिकेत विलीन होताना भरलेल्या घटनापरिषदेत नाव्हारो हा एकमेव तेहानो प्रतिनिधी होता. मतदानाच्या हक्काला 'गोरा' ही अट लावण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा तो त्याविरुद्ध उभा राहिला आणि तो शब्द त्याने काढायला लावला. एकटा माणूस सभागृहात असल्याने एवढे साधले. मग १८३६ मध्ये त्या सभागृहात दोघांऐवजी वीस असते, आणि त्यांच्यामागे कष्टकऱ्यांचे बळ असते, तर? रणांगणावर ज्यांची गरज भासते, त्यांची जागा सभागृहातही आधीच राखून ठेवलेली असली पाहिजे. ती नंतर कोणी देत नाही.