वकील करताना

(महिला गटांच्या तालुका बैठकीत केलेले भाषण)



मी वकील नाही. एम.एस.डब्ल्यू. झाले आणि गेली नऊ वर्षं बायांबरोबर तालुक्याच्या कोर्टात जाते आहे. तिथे जे शिकले ते सांगते. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

सहा वर्षांपूर्वी एक बाई केंद्रावर आली. ऊसतोडीला जाणारी, नवऱ्याने दुसरी आणलेली, पदरात दोन मुली. मी तिला ओळखीच्या वकिलांकडे धाडलं. त्यांनी पाच हजार आधी घेतले, वर पोटगीतला तिसरा हिस्सा मागितला. तिने डोरलं गहाण टाकलं. मी शेजारी बसून गप्प राहिले. वाटलं, कोर्टातली रीतच असेल. पण मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

मुळात तिला एक पैसाही खर्चायची गरज नव्हती. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ मध्ये अंमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही त्यात येतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा.

तुम्ही विचाराल, फुकटचा वकील लक्ष देतो का? काही देत नाहीत, तारखेलाही येत नाहीत. पण पुढे याच बाईला समितीने एक तरुण वकीलबाई दिल्या. सालगड्याची मुलगी, एस.टी.ने ये-जा करून एलएल.बी. झालेल्या. सुरुवातीला लोक त्यांना टायपिस्ट समजत. त्यांनी तासभर नुसतं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नवऱ्याच्या नावावर जमीन किती?" आम्हाला हे कुणी विचारलंच नव्हतं.

जुने वकील मात्र कागद देईनात. म्हणाले, बाकी फी आणा. फीसाठी वकिलाला अशिलाचे कागद अडवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं आहे. आम्ही पाचजणी जाऊन त्यांच्या टेबलासमोर बसलो. संध्याकाळी कागद मिळाले.

वकीलबाईंनी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. नवरा म्हणाला, माझ्याकडे काही नाही. पण २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न व मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात त्याने जमीन लपवली. आम्ही सात-बारा काढून पुढे ठेवला. अंतरिम पोटगीचा हुकूम झाला. वसुलीसाठी आजही भांडतो आहोत, आणि डोरलं अजून सुटलेलं नाही. ते माझ्या मनाला लागून आहे.

म्हणून सांगते. वकीलपत्रावर वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. दिलेल्या पैशाची पावती घ्या, प्रत्येक अर्जाची प्रत घरी ठेवा. पोटगीचं जुनं कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. तेही लक्षात असू द्या. समितीच्या वकिलाने पैसे मागितले तर समितीकडे लेखी तक्रार करून वकील बदलून मागा.

आणि कुठल्याही बाईला वकिलाकडे एकटीला पाठवू नका. बरोबर जा, पण माझ्यासारख्या गप्प बसू नका.