खुणा पुसू नका



जुन्या लष्करी बंदुका जमविण्याचा छंद अमेरिकेत पुष्कळांना आहे. आपल्या कोलकात्याजवळच्या इच्छापूर कारखान्यात घडलेली ली-एनफिल्ड रायफलही त्यांच्या संग्रहात आढळते. तिच्यावरील ‘आर. एफ. आय.’ हा शिक्का आणि साल ते प्रथम वाचतात. बोल्टवरील क्रमांक बंदुकीच्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहतात. पुढील लाकडावर तार गुंडाळलेली असेल, तर ती रायफल हातगोळे फेकण्यासाठी सज्ज केलेली होती, हे ओळखतात. नवशिका मात्र लाकूड घासून चकचकीत करतो आणि तिचा इतिहासच पुसून टाकतो.

बंदूक कुलपात गेल्यावरच व्हिस्कीचा पेला हाती घ्यावा, हा या छंदातील जाणत्यांचा दंडक. व्हिस्कीचे वय लाकडी पिंपात वाढते, बाटलीत थांबते. जुन्या वस्तूंचे तसे नाही. त्या हाताळणाऱ्यांच्या खुणा अंगावर घेतच राहतात.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे हा छंद सामान्यांना साधणारा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर परवान्यावरही दोनच शस्त्रे ठेवता येतात. पण आपल्या माळ्यावरील तांब्यापितळेच्या भांड्यांचे काय? कोणी, कोणाला, केव्हा दिले, हे त्यांवर कोरलेले असते. मुलखापासून दूर आलेल्या आपल्या कुटुंबांचा तो अस्सल दस्तऐवज आहे. ती मोडीत देण्यापूर्वी निदान ती अक्षरे वहीत उतरवून घ्या, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.