एका कोयत्यात माणसं किती?



एमए झालेली आपल्या बीड जिल्ह्यातली मुलं येऊन म्हणतात, "सर, संशोधन करायचंय, विषय सुचवा." मी त्यांनाच विचारतो, "दसऱ्यानंतर तुमच्या वाडीतून ऊसतोडीला किती कोयते जातात?"

कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, हे आपल्याकडे लहान पोरही सांगेल. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर, तोडीचा हिशेबही कोयत्यावर. मग त्यात तिची मजुरी किती? बाहेरून आलेल्या अभ्यासकाला हा प्रश्न पडायला वर्ष लागेल. तुमच्या तर तो घरातच आहे.

धारूर तालुक्यात एका ओट्यावर बसून माझी विद्यार्थिनी फॉर्म भरत होती. 'काम' या रकान्यापाशी आली, तर नवराच बोलला, "ती घरीच असते." बाईनं काही न बोलता दोन्ही तळहात पुढे केले. कोयत्याच्या मुठीनं घट्टे पडलेले. मुलीनं लिहिलेलं खोडलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बाईला एकटीला विचारलं. माझ्या लेखी तिचं संशोधन तिथं सुरू झालं.

आकडेही असेच तपासून घ्यावे लागतात. 2011 च्या जनगणनेत माणसं मोजली ती 9 ते 28 फेब्रुवारीत. त्या दिवसांत आपले कोयते फडावर, कोपीत. फेब्रुवारीतली वाडी आणि श्रावणातली वाडी एक नसते.

आणि नीट विचारलं की काय समोर येतं, ते 2019 मध्ये दिसलं. सरकारी चौकशीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. घराघरात माहीत असलेली गोष्ट तेव्हा कुठं कागदावर आली.

असं संशोधन करायला पुढची वाट आहे. नेट-सेट द्या, विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा 'पेट' द्या. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. शेजारी तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे, एकदा जाऊन या.

पण परीक्षेची वाट बघत थांबू नका. गाड्या भरायच्या आधी आपल्याच वाडीतल्या दहा घरी वही घेऊन बसा. बाईचं उत्तर बाईकडूनच घ्या, आणि ती 'उचल' म्हणाली तर वहीत 'उचल'च लिहा.