गुडघ्याने पाण्यात उतरवलं
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण)



मला आरोग्यावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलंय. मी डॉक्टर नाही, तेव्हा माझ्या एका गुडघ्याबद्दल तेवढं बोलते.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पहाटे साडेपाचला गेटमधून पळत बाहेर पडताना पाहिलंय. चाळिशीनंतर सुरू झालेलं हे धावणं शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीच्या फेऱ्यांपासून मुंबई मॅरेथॉनच्या २१ किलोमीटरपर्यंत पोचलं. सागरी सेतूवर धावताना उजाडतं, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना त्याची ओढ वेगळी सांगायला नको. मग त्रेपन्नाव्या वर्षी उजव्या गुडघ्यातली मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली गादी, फाटली. ऑपरेशन टळलं, पण पळणं बंद. घरचे म्हणाले, "बरं झालं, आता जरा स्वस्थ बस." मला तेच नको होतं. माझ्या आईचे गुडघे मी पाहिलेत. आधी तिचा बाजार सुटला, मग देऊळ, मग जिना. आणि आपली लिफ्ट बंद पडली की चौथा मजला किती उंच असतो हे ए विंगला वेगळं सांगायला नको!

फिजिओथेरपिस्टबाईंनी पोहणं सुचवलं आणि त्यामागचा हिशेबही सांगितला. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीनपट भार पायावर येतो, आणि एका किलोमीटरला पावलं पडतात हजाराच्या वर. उलट कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवरचा भार निम्म्यावर येतो, मानेपर्यंत गेलं की साधारण दहावा हिस्सा उरतो. पोहताना तर पाऊल टेकतच नाही. छाती-फुप्फुसांची मेहनत मात्र चालूच राहते, कारण पाणी हवेपेक्षा कितीतरी दाट. ते मागे सारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हिशेब पटला, पण पोहायचा पोशाख घालायचा होता. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला सगळ्यात खोल पाणी तेच. शेवटी कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्यापर्यंत पाय असलेला नायलॉनचा पोशाख घेतला, टोपी घेतली, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं आणि महापालिकेच्या तलावावर बायकांच्या बॅचमध्ये नाव घातलं. तिथे कुणी कुणाकडे बघत नव्हतं. जो तो आपलं नाक सांभाळत होता.

माझा समज होता, २१ किलोमीटर पळणाऱ्या बाईला २५ मीटर काय! पण दमसास असूनही अर्ध्यात धाप लागायची. पळताना श्वास आपला आपण चालतो. पाण्यात तो शिकावा लागतो: तोंड पाण्यात असताना पूर्ण सोडायचा, मान वळवली की घ्यायचा. सोडायलाच विसरलं तर घ्यायला जागा कुठे? दुसरी गंमत घोट्यांची. पळणाऱ्यांचे घोटे बहुतेक ताठ असतात. पाय मारताना पाऊल माशाच्या शेपटीसारखं मागे लांब व्हायला हवं; माझं काटकोनात उभं! मी पाय मारायचे आणि जागच्या जागी राहायचे. आमच्या यजमानांना यात फार मजा वाटली. ते गावाकडे पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले, एका उन्हाळ्यात. मला सलग १०० मीटर जायला पाच महिने लागले.

एक गोष्ट गुडघेवाल्यांनी नीट ऐका. आपल्याकडे बरेच जण आधी ब्रेस्टस्ट्रोक शिकतात, कारण डोकं वर ठेवता येतं. पण त्यातली बेडकासारखी लाथ गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण आणते. मला ती मना होती. फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोक चालत होते. तुमचा गुडघा वेगळा असेल, तेव्हा आधी विचारा. आणि पोहण्याने सगळं होतं असंही नाही. हाडांना मजबूत राहायला भार लागतो, तो पाण्यात मिळत नाही. म्हणून चालणं आणि फिजिओने दिलेले मांड्यांचे व्यायाम मी सोडलेले नाहीत. खांद्यांना मात्र नवं काम लागलं, सुरुवातीला वेणी घालायला हात वर जाईना.

आज मी सलग ६०० मीटर पोहते. डॉक्टरांच्या परवानगीने आठवड्यातून दोनदा तीन किलोमीटर पळतेही, हळू. सागरी सेतू पुन्हा होईल का, माहीत नाही. त्याची रुखरुख आहे, ती पाण्याने गेलेली नाही. पण चौथा मजला मी भाजीची पिशवी घेऊन चढते.

आपल्या दोन विंगमध्ये गुडघे धरून जिना उतरणाऱ्या निदान नऊ जणी मला ठाऊक आहेत. नावं घेत नाही, त्या पुढच्याच रांगेत बसल्यात. नवीन बॅचचे फॉर्म मी आणून ठेवलेत. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर चौघी मिळून एका टॅक्सीत जाऊ. उद्या संध्याकाळी सहा ते सात मी सोसायटीच्या ऑफिसात बसते, येताना दोन फोटो आणा. आता मला थांबायला हवं, पलीकडे जेवणाची पानं मांडायला घेतलीत.