हॅकरांचं राजकारण शिकवताना

हॅकरांवरचा अभ्यासक्रम म्हटलं की संगणक विभाग आठवतो, पण त्याची खरी जागा समाजशास्त्रांत आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात पूर्वी हा विषय शिकवणाऱ्या गॅब्रिएला कोलमन मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. डेबियन ही मुक्त संगणकप्रणाली घडवणारे स्वयंसेवक हा त्यांच्या संशोधनाचा विषय. या वर्गात चर्चा व्हावी ती डॅनियल बर्नस्टाईन यांच्या खटल्यासारख्या गोष्टींची. संदेश सांकेतिक करणारा त्यांचा प्रोग्रॅम अमेरिकी सरकारच्या लेखी चक्क शस्त्रास्त्रांत मोडत होता. परवान्याविना तो प्रसिद्ध करता येईना. १९९५ साली ते न्यायालयात गेले. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने असा कोड म्हणजे अभिव्यक्तीच असल्याचं मान्य केलं. तो निकाल फेरविचारासाठी मागे घेतला गेला खरा, पण लवकरच सरकारने निर्बंध सैल केले. हा प्रश्न राज्यघटनेचा, कीबोर्डचा नव्हे.

अशा अभ्यासक्रमातून गुन्हेगार घडतील, ही भीती समजण्यासारखी आहे. पण गुन्हेगारीशास्त्र शिकून कोणी दरोडेखोर होत नाही. अधिक वजनदार आक्षेप असा, की हॅकरांचं असं एकच राजकारण नाही. डेबियनवाले लिखित घटनेनुसार मतदान करतात, ‘ॲनॉनिमस’ या हॅकरगटाला ठरलेलं नेतृत्वही नव्हतं. मात्र या भेदांमागची कारणं शोधायची तर वर्षभराचा अभ्यासक्रमही अपुरा पडेल.